गाडीच्या चकचकीत काळ्या पट्ट्यांवरचे बारीक चरे कसे काढायचे

दोन दारांच्या मधल्या खांबावरची काळी पट्टी, खिडक्यांची चौकट, गिअरभोवतीचं पॅनेल, काचा खाली-वर करायच्या बटणांभोवतीचा भाग. विक्रेते याला ‘पियानो ब्लॅक’ म्हणतात. शोरूममध्ये ते झकास दिसतं. वर्षभराने उन्हात पाहिलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळिष्टकासारखं गोल जाळं दिसायला लागतं. चरे प्रत्यक्षात गोल नसतात, सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यातले जे प्रकाशाच्या ठिपक्याला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून गोलाकाराचा भास होतो. पांढऱ्या बॉनेटवरही असे चरे असतातच, पण पांढरा रंग मुळातच भरपूर प्रकाश विखुरतो आणि चरे त्यात हरवून जातात. काळ्या रंगावर त्यांना लपायला जागा नसते.

हे चरे निघतात. मात्र बॉनेटवरची रबिंग-पॉलिशिंगची पद्धत जशीच्या तशी इथे लावली, तर चरे परवडले असं म्हणायची वेळ येते. कारण वरून सारख्या चकाकणाऱ्या पट्ट्यांचा आतला माल चार प्रकारचा असू शकतो, आणि प्रत्येकाला सोसेल तेवढंच घासायचं असतं.

माल कोणता आहे ते आधी ओळखा

पहिला प्रकार, प्लास्टिकवर काळा रंग आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. हा सगळ्यात सोपा, कारण तो बॉडीच्या रंगासारखाच वागतो. दुसरा, अंगचाच काळा असलेला ॲक्रिलिक किंवा एबीएस जातीचा प्लास्टिक, वर कोणताही थर नाही. बाहेरच्या खांबांवर आणि केबिनमध्ये हा बराच दिसतो. तो मऊ असतो, चटकन चरतो आणि उष्णतेने बिघडतो. तिसऱ्या प्रकारात प्लास्टिकवर अतिनील प्रकाशात कडक केलेला पातळ हार्ड कोट असतो. चौथा म्हणजे रंग नाही की प्लास्टिक नाही, दाराच्या चौकटीवर चिकटवलेली काळी चकचकीत फिल्म.

ओळखण्यासाठी पट्टी धुऊन कोरडी करा आणि तिच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. प्रतिबिंबाची कड बारीक लहरत असेल तर बहुधा फवारलेला रंग आहे. कड सरळ रेषेसारखी असेल तर साच्यातून आलेलं प्लास्टिक. मग पट्टीचं टोक, म्हणजे दार उघडल्यावर दिसणारी कड, नखाने हलकेच चाचपा. पातळ पायरी लागली किंवा आतल्या बाजूला दुमडून कापलेली कड दिसली तर ती फिल्म.

यातून खात्री झाली नाही तर पांढऱ्या कापडावर बारीक पॉलिशचा ठिपका घेऊन खालच्या, चटकन न दिसणाऱ्या कोपऱ्यात दहा हलके हात मारा. कापड काळं झालं तर वर पारदर्शक थर नाही. अंगचाच रंग निघतोय. कापड पांढरंच राहिलं तर वर क्लिअर कोट किंवा हार्ड कोट आहे. या दोघांतला फरक कळतो तो काम सुरू केल्यावर. क्लिअर कोटवर चरे हळूहळू फिके होतात, हार्ड कोटवर पॉलिश नुसतं घसरत राहतं आणि चरे होते तसेच राहतात. अशा वेळी दाब वाढवायचा मोह होतो. तो टाळा. हार्ड कोट एका जागी फुटला की तिथे ढगाळ डाग पडतो आणि तो कोणत्याही पॉलिशने जात नाही.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र इथे फारसं कामाचं नाही. नेहमीची यंत्रं खाली धातू असेल तरच आकडा दाखवतात. प्लास्टिकवर ती मुकी असतात. म्हणून अंदाजानेच चालायचं. कारखान्यातला क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे चरा भरणं नाही. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर उतरवून पृष्ठभाग सपाट करणं म्हणजे पॉलिश. थर एकदा गेला की परत येत नाही, त्यामुळे दर दिवाळीला पट्ट्या घासून काढण्यात शहाणपणा नाही.

कोणता चरा निघेल, कोणता नाही

नख चऱ्याला आडवं फिरवा. अडकलं तर तो चरा पॉलिशने जाणार नाही. फार तर त्याच्या कडा गोलसर होऊन तो कमी चमकेल. नख अडकत नाही पण चरा दिसतो, असे चरे आपल्या कामाचे. दाराच्या खांबावर हाताच्या पंज्याच्या उंचीला जे जाड चरे दिसतात ते अंगठी किंवा किल्लीचे, दार ढकलताना पडलेले. ते बहुतेक वेळा नखाला लागतात.

खांबावर दुधाळ, पांढुरकी झाक असेल तर तो चऱ्यांचा प्रश्न नाही. उन्हाने वरचा थर खराब झालेला असतो. पॉलिशने काही काळ काळेपणा परत येईल, पण झाक पुन्हा उमटेल. तिथे वेळ घालवण्यापेक्षा पट्टी बदलणं किंवा वर फिल्म लावणं बरं.

लागणारं सामान

हाताने करायचं असेल तर मऊ फोमचे दोन-तीन ॲप्लिकेटर, शिवण नसलेली चार-पाच मायक्रोफायबर कापडं (३५० जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाची किंवा अधिक, लेबल कापून टाकलेलं), मास्किंग टेप आणि एलईडी टॉर्च एवढं पुरतं. टॉर्च एकाच दिव्याची हवी. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात चरे दिसत नाहीत आणि काम झालं असं उगाच वाटतं. मोबाइलचा फ्लॅश चालतो.

पॉलिश अगदी बारीक दर्जाचं घ्या. मेग्वायर्सचं एम२०५ किंवा मेंझर्नाचं ३८०० क्लिअर कोटसाठी उत्तम. उघड्या प्लास्टिकसाठी मेग्वायर्सचं प्लास्टएक्स किंवा नोव्हस नंबर २. दुकानदार ‘हेवी कट’ कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं भरड पॉलिश, पुढे करील, कारण त्याने फरक लगेच दिसतो. मऊ काळ्या प्लास्टिकवर त्याने जुने चरे जातात आणि त्यांच्या जागी धुरकट पडदा येतो. मग तो काढायला बारीक पॉलिश लागतंच, म्हणजे दोनदा घासणं झालं.

मशीन वापरायचं तर ड्युअल ॲक्शन (पॅड गोल फिरवता फिरवता झुलवणारं) आणि ७५ मिलिमीटरचा मऊ फिनिशिंग फोम पॅड. नुसतं गोल फिरणारं रोटरी बफिंग मशीन या पट्ट्यांवर लावू नका. लोखंडी पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक पसरवत नाही. ती जिथे तयार झाली तिथेच साचते. ॲक्रिलिक आणि एबीएस दोन्ही १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतात, आणि एका जागी थांबलेला पॅड काही सेकंदांत तिथवर पोहोचतो. तसं झालं की चकाकी चुरगळते आणि तो भाग कायमचा जातो.

टूथपेस्टबद्दल. तिच्यात घासणारे कण असतात हे खरं, पण ते दातांसाठी निवडलेले असतात. काळ्या प्लास्टिकवर त्यांचा मागमूस धुरकट राहतो. खोबरेल तेल किंवा बुटाचं काळं पॉलिश लावलं की चरे दिसेनासे होतात, कारण ते भरले जातात. एका धुण्यात तेल जातं, चरे तिथेच असतात, आणि मधल्या काळात तेलावर धूळ चिकटून पुसताना नवे चरे पडतात. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल आणि अमोनियावाला काच-क्लीनर उघड्या ॲक्रिलिकच्या जवळही नेऊ नका. ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकला, म्हणजे क्लिप आणि वळणांच्या आसपास, त्याने केसासारख्या बारीक भेगा पडतात.

धुणं: निम्मं काम इथेच

पट्टीवर धुळीचा एक कण राहिला तरी पॉलिश करताना तोच नवा चरा काढतो. धुळीतला क्वार्ट्ज प्लास्टिकपेक्षा कितीतरी कडक असतो. म्हणून आधी पाण्याची धार, मग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात कार शाम्पू, एका बादलीत साबण आणि दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. पट्टीवरून कापड एकाच दिशेने, वरून खाली, दाब न देता न्यायचं आणि प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ बाजू वर घ्यायची. बीडिंगच्या, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीच्या, खोबणीत वाळू दडलेली असते. तिथे मऊ ब्रश फिरवा आणि धार मारा, नाहीतर पॉलिशच्या पॅडबरोबर ती पट्टीवर येते.

बोअरच्या पाण्याने धुतलेल्या गाडीवर पांढरे ठिपके राहतात. क्लिअर कोटवरचे ठिपके पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, ओलं कापड मिनिटभर ठेवून आणि लगेच धुऊन निघतात. ठिपक्याखाली खड्डा पडला असेल तर तो राहील. क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा गोळा) या पट्ट्यांवर शक्यतो नको. मऊ प्लास्टिकवर तो स्वतःच चरे पाडतो.

कोरडं करताना कापड टेकवून उचलायचं, ओढायचं नाही. मग कडेच्या रबरावर, रंगावर आणि काचेच्या फटीवर मास्किंग टेप लावा. बीडिंगवर पॉलिश वाळलं की पांढरे डाग पडतात आणि ते काढताना पॉलिशपेक्षा जास्त वेळ जातो. खाकी पॅकिंग टेप वापरू नका, तिचा चिकटा मागे राहतो. पट्टीच्या कडांवरही टेपची बारीक किनार येऊ द्या, कारण कडेवर थर सगळ्यात पातळ असतो आणि पॅड तिथेच जास्त दाबला जातो.

हाताने पॉलिश

काम सावलीत करायचं, पट्टी हाताला गार लागली पाहिजे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या पट्टीवर हात टेकवत नाही. तिच्यावर पॉलिश टाकताच वाळतं आणि वाळलेलं पॉलिश घासलं की ओरखडे. सकाळी लवकर, रात्रभर आत उभी असलेली गाडी घ्यावी.

साधारण १० सेंटिमीटर लांबीच्या तुकड्याला तुरीच्या दाण्याएवढं पॉलिश पुरतं. ते फोमवर घ्या, पट्टीवर नाही. आधी पसरवा, मग दोन बोटांच्या दाबाने पट्टीच्या लांबीत पुढे-मागे आठ-दहा हात, त्यानंतर आडवे तेवढेच. हाताने गोल-गोल घासू नका; हाताचा दाब सारखा राहत नाही आणि त्या गोलांच्या खुणा काळ्यावर दिसतात. शेवटचे हात लांबीतच हवेत. पॉलिश जवळजवळ पारदर्शक, तेलकट दिसायला लागलं की थांबा. पूर्ण कोरडं होईपर्यंत घासायचं नाही.

स्वच्छ कापडाने हलकं पुसा, टॉर्च तिरकी धरून पाहा. फरक दिसला तर पुन्हा एकदा. तीन वेळा करूनही एखादा चरा तसाच असेल तर तो खोल आहे, त्याला सोडा. उघड्या प्लास्टिकवर कापड काळं होत राहणारच, घाबरायचं कारण नाही. क्लिअर कोट असलेल्या पट्टीवर मात्र कापड अचानक काळं झालं तर त्याच क्षणी हात काढा: थर संपला, रंग निघायला लागला.

फिल्मच्या पट्टीला सगळ्यात बारीक पॉलिशने, हाताने, एकदाच. कडांपासून अर्धा सेंटिमीटर आत राहा, नाहीतर कड उचलली जाते आणि पॉलिश तिच्याखाली शिरतं. मशीन नाहीच.

मशीनने पॉलिश

रुंद खांबाच्या, क्लिअर कोट असलेल्या पट्टीवर मशीनने काम एकसारखं होतं. पॅडवर तीन छोटे थेंब, सर्वात कमी वेगावर पसरवायचं, मग सहापैकी तिसऱ्या किंवा चौथ्या वेगावर. मशीनचं स्वतःचं वजन आणि थोडासाच दाब. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या गतीने सरकवायचा, एक फेरी उभी, एक आडवी, अशा दोन जोड्या. पॅड पट्टीवर टेकल्यावर मशीन सुरू करायचं आणि बंद करूनच उचलायचं. फिरता पॅड उचलला की पॉलिश काचांवर उडतं.

प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर हाताची पाठ टेकवून पाहा. कोमट ठीक, गरम लागलं तर पाच मिनिटं दुसऱ्या पट्टीकडे वळा. पॅड प्रत्येक तुकड्यानंतर ब्रशने साफ करा. त्यात साचलेला काळा-पांढरा चिखल हेच धुरकट झाकेचं नेहमीचं कारण. झाक आलीच तर कंपाउंड वाढवू नका. नवा, आणखी मऊ पॅड, निम्मं पॉलिश, जवळजवळ शून्य दाब आणि एक सावकाश फेरी. बहुतेक वेळा तेवढ्याने पडदा जातो.

नखाला जेमतेम लागणाऱ्या चऱ्यासाठी ३००० नंबरचा वॉटर पेपर (पाण्याबरोबर वापरायचा बारीक सँडपेपर) अनेक जण सुचवतात. क्लिअर कोटवर, भरपूर पाण्याबरोबर, चार-पाच हलके हात आणि लगेच पॉलिश, असं करता येतं. पण जाडी मोजता येत नाही अशा पट्टीवर ते अंधारात चालणं आहे. हार्ड कोट आणि फिल्मवर पेपर लावायचाच नाही.

खरा निकाल कधी कळतो

पॉलिशमधली तेलं चऱ्यांमध्ये बसून ते लपवतात. केमिस्टकडच्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे १०० मिली आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी ४०० मिली एकत्र केलं की साधारण १४ टक्क्यांचं मिश्रण होतं. ते कापडावर फवारून क्लिअर कोटवरून एकदा पुसा, मग टॉर्चने तपासा. जे उरलंय तेच खरं. अंगच्या काळ्या प्लास्टिकवर अल्कोहोलऐवजी शाम्पूचं पातळ पाणी वापरा; ॲक्रिलिकशी जुगार नको.

शंभर टक्के चरे काढायच्या मागे लागू नये. दोन फुटांवरून, उन्हात पट्टी स्वच्छ काळी दिसली की पुरे. उरलेल्या दोन-चार रेषांसाठी आणखी थर खर्च करणं महागात पडतं.

केबिनमधली पॅनेल

गिअरभोवतीचं पॅनेल बहुतेक गाड्यांत मऊ असतं आणि त्यावरचे चरे मुख्यतः कोरड्या कापडाने पुसून पडलेले. गाडी बंद करा, किल्ली बाहेर, म्हणजे घासताना काच खाली जाणार नाही. बटणांच्या फटींवर टेप लावा, पॉलिश कधीही थेट पॅनेलवर टाकू नका. बोटावर गुंडाळलेलं कापड इथे टोचतं, त्याच्या सुरकुतीचा दाब एका रेषेत पडतो. छोटा फोमच बरा. मशीन लागत नाही.

टचस्क्रीन आणि मीटरच्या काचेला यातलं काहीही लावू नका. त्यांवर बहुधा प्रतिबिंब कमी करणारा किंवा बोटांचे ठसे टाळणारा थर असतो, तो पॉलिशने जातो आणि डाग कायमचा राहतो.

पुन्हा चरे पडू नयेत म्हणून

वॅक्स किंवा सीलंटने पृष्ठभाग घसरडा होतो, धूळ सहज निघते. सिरॅमिक कोटिंगही मुख्यतः तेवढंच करतं. ‘चरे पडणारच नाहीत’ हे विक्रेत्याचं वाक्य. खरं संरक्षण हवं असेल तर पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लावा. १५० ते २०० मायक्रॉनची ही फिल्म चरे स्वतःवर घेते, आणि चांगल्या दर्जाच्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने मिटतात. गिअरभोवतीच्या पॅनेलसाठी मॉडेलप्रमाणे कापलेले तुकडे मिळतात. लावताना अर्धा लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब फवारायचे, फिल्म सरकवून जागेवर आणायची आणि मधून कडेकडे पाणी काढायचं. केबिनमध्ये फवारा फिल्मच्या चिकट बाजूवर मारा, पॅनेलवर नाही; बटणांत पाणी जाता कामा नये. त्याआधी पट्टी पूर्ण तेलमुक्त हवी, नाहीतर कड महिनाभरात उचलते.

सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्या दादांकडे एक बादली आणि एक फडकं असतं, त्याच फडक्याने आधी दहा गाड्या पुसलेल्या असतात. त्यांना दोन स्वतंत्र मायक्रोफायबर कापडं द्या आणि काळ्या पट्ट्यांवर नुसतं पाणी मारून सोडा म्हणून सांगा. गाडीचं कव्हर हेही मोठं कारण. धुळकट गाडीवर कव्हर चढवलं की ते वाऱ्याने रात्रभर पट्ट्यांवर घासत राहतं. पिसांचा किंवा धाग्यांचा डस्टर डिकीत ठेवायची सवयही सोडलेली बरी. कोरड्या घासण्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि पुसून दहा मिनिटांत धूळ परत चिकटते. किंचित ओलसर कापडाने हे टळतं.

मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, त्यात धागे अडकतात. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, तंतूंवर थर बसून कापड पुसण्याऐवजी ढकलायला लागतं. जमिनीवर पडलेलं कापड पट्ट्यांसाठी बाद. ते चाकांना वापरा.

चरे नखाला लागतात, थर फुटलाय किंवा दुधाळ झाक आहे, अशा पट्टीसाठी पार्ट नंबर देऊन सुट्या भागाची किंमत विचारा. बऱ्याच गाड्यांत खांबावरची पट्टी क्लिप आणि दुहेरी टेपवर बसते. ती काढायला प्लास्टिकचं चपटं हत्यार वापरा, स्क्रू ड्रायव्हरने बाजूचा रंग उडतो. जुनी फिल्म असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून, पट्टीला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढा. थंड ओढली तर चिकटा मागे राहतो.